मेडिकलच्या पीजीला (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणात) नीतिशास्त्राचे तास: हवेत की नकोत?

आनंदी: काल इथे एका सर्जननी लिहिलं, "करुणा घरून आणावी लागते, पीजीला नीतिशास्त्राचे तास म्हणजे ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) वेळ वाया." डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या बाबांचा कॅन्सर पसरलाय हे रेसिडेंटने (पीजी करणाऱ्या डॉक्टरने) राउंडला खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, फाइलमध्ये बघत, इंग्रजीत सरांना सांगितलं. बाबांना 'मेटास्टॅसिस' कळलं नाही. शेजारच्या खाटेवरच्याला कळलं, त्याने तोंड फिरवलं. वाईट बातमी सांगणं शिकवता येतं. आधी बसा, पेशंटला काय माहीत आहे ते विचारा, मग बोला आणि जरा थांबा. एमबीबीएसला 2019 पासून एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग, आहे. पीजीला काय, तर एथिक्सचा ऑनलाइन कोर्स!

सर्जन_सोलापूर: मीच लिहिलं, अजूनही तेच म्हणतो. एटकॉममध्ये रोल प्ले छान करणारी पोरं कॅज्युअल्टीत नातेवाइकांवर खेकसतात, कारण सर खेकसतात. तासाने काय फरक पडणार?

आनंदी: मग सरांनाही बसवा तासाला.

मिरजेचा_पीजी: ड्युटीबद्दल कोणीच बोलत नाही. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास, सलग 12 पेक्षा जास्त नाही असं लिहिलंय. आमच्याकडे सलग 36 होतात. पहाटे माझा को-पीजी सलाइन लावता लावता भिंतीला टेकून झोपला. त्याला करुणा शिकवणार?

सर्जन_सोलापूर: आम्हीही केल्यात ड्युट्या. रडलो नाही.

मिरजेचा_पीजी: तुम्ही सोसलं म्हणून आम्हीही सोसायचं? याच वृत्तीमुळे तो नियम कागदावर राहिलाय सर.

निवृत्त_सिस्टर: उभं आयुष्य वॉर्डात गेलं माझं. दमतात सगळेच, नर्सही दमतात. नाइट करूनही आधी पडदा ओढून मग चादर काढणारे रेसिडेंट पाहिलेत. आणि घरून झोप काढून आलेले युनिट हेड बाईला दहा पोरांसमोर उघडी करायचे, तेही पाहिलंय. सगळं ड्युटीवर ढकलू नका, बाळा.

मिरजेचा_पीजी: ढकलत नाही सिस्टर. पण नातेवाइकांचा मार खायला आम्हीच पुढे असतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्यात 2010 पासून आहे, तरी कॉलर धरली जाते तेव्हा वॉर्डात आम्ही दोघंच असतो.

आनंदी: ते चूकच आहे. पण माझ्या बाबांनी कोणाची कॉलर धरली होती?

सर्जन_सोलापूर: पडद्याचं मान्य करावं लागेल. प्रॅक्टिकलला पेशंटशी बोलण्याचे, परवानगी घेऊन तपासण्याचे मार्क ठेवा, नापासही करा. लेक्चर मात्र नको.

आनंदी: आणि मार्क देणार कोण? तेच खेकसणारे सर?

निवृत्त_सिस्टर: पेशंटला विचारा. वॉर्डच्या सिस्टरलाही विचारा. कोण कसं वागतं, आम्हाला पहिल्या आठवड्यात कळतं.