कायदा शिकवणाऱ्यांना एआय शिकवायचं, तर कलम ४८२ पासून सुरुवात करा

साक्षीपुरावा (मूळ धागा)
विधी महाविद्यालयांमधल्या प्राध्यापकांसाठी एआयवरच्या विकास कार्यक्रमांची सध्या रांग लागली आहे. आठवडाभर ऑनलाइन व्याख्यानं, शेवटी प्रश्नावली, मग प्रमाणपत्र. पदोन्नतीच्या फाइलला ते लागतं, मान्य. पण आठवड्यानंतरही शिक्षकाला स्वतःच्या विषयातली यंत्राची (एआय चॅटची) एक चूक पकडता येत नसेल, तर त्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

माझा प्रस्ताव: व्याख्यानं बंद. प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या पेपरवर तीन-तीन तासांच्या चार बैठका कराव्यात.

पहिल्या बैठकीत फौजदारी प्रक्रिया शिकवणाऱ्याने यंत्राला एवढंच विचारावं, ‘कलम ४८२ खाली अर्ज कसा करायचा?’ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घेण्याचा रस्ता. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. यंत्राने वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या संहितेच्या पन्नास वर्षांतला. त्यामुळे भाषा सफाईदार, पण दोन्ही कलमांची सरमिसळ होण्याचा धोका मोठा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत दहा निवाडे घ्यायचे आणि प्रत्येक ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या पोर्टलवर, उघडायचा. ते मोफत आहे. निवाडा अस्तित्वात आहे का, पक्षकार-वर्ष-पीठ जुळतं का, हे दोन मिनिटांत कळतं. खरी मेहनत पुढे. सांगितलेला मुद्दा न्यायालयाचा आहे की नुसता नोंदवून घेतलेला वकिलाचा युक्तिवाद? आणि पुढे तो निवाडा फिरवला गेला का? इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दल २०१८ चा शफी मोहम्मद निवाडा खराच आहे, सापडतोही. पण जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये तो रद्दबातल ठरवला. जो फक्त ‘निवाडा खरा आहे का’ एवढंच तपासतो, तो इथे फसतो.

चौथी बैठक स्वतःची एक प्रश्नपत्रिका नव्याने लिहिण्यासाठी.

मूळवाचन
सर, तपासणीचे टप्पे बरोबर आहेत, क्रम उलटा आहे. युक्तिवाद कुठे संपतो आणि निर्णयाचं कारण कुठे सुरू होतं, हे ओळखायला निवाडा वाचता यावा लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला तेच येत नसतं. त्याच्या हातात यंत्राचा सारांश दिलात की ते शिकण्याची गरजच संपली.

न्यूयॉर्कच्या २०२३ च्या ‘माता विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात बनावट निवाडे दाखल करणारे वकील नवखे नव्हते. त्यांच्यापैकी एकाने निवाडे खरे आहेत का, हेही यंत्रालाच विचारलं होतं! न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. तिथे कमी पडलं ते मूळ निवाडा उघडण्याचं वळण.

म्हणून पहिली दोन सत्रं यंत्र पूर्ण बंद. सत्रात बारा निवाडे, प्रत्येकाचं एक पानी टिपण, वर्गात बसून, हाताने. शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचंच तर अशी टिपणं नीट तपासण्याचं द्या.

तासिका_तत्त्व
दोघांचंही पटतं, पण करणार कोण? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तुमचे बारा तास कुठल्या खात्यात? आधी तो खर्च संस्थेने मंजूर करावा, मग बोलू.

तोपर्यंत मूट कोर्टच्या, म्हणजे सरावासाठीच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या, पेपरचं बघा. बार कौन्सिलच्या रचनेत प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षात तीन मूट, दर मूटला १० गुण: ५ लेखी निवेदनाला, ५ तोंडी युक्तिवादाला. साठच्या तुकडीत ही १८० लेखी निवेदनं होतात. त्यातलं यंत्राने लिहिलेलं कोणतं हे ओळखण्याच्या मागे लागू नका. ओळखणारी सॉफ्टवेअर चुकतात, आणि सगळ्यांची इंग्रजी एकाच साच्याची असली की निर्दोष मूल अडकतं. त्याऐवजी निवेदनातले दोन निवाडे निवडून तोंडी विचारा: तथ्यं काय होती, कुणाच्या बाजूने लागला, तुमच्या अशिलाविरुद्ध जाणारं त्यात काय आहे? माणशी चार मिनिटं धरली तरी एका मूटला चार तास.

मसुदालेखन
मराठी मसुद्यांचा विषय कुणीच काढला नाही. आपल्या तालुका न्यायालयांत काम मराठीत चालतं. यंत्र ‘रिटन स्टेटमेंट’चं, म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेल्या उत्तराचं, ‘लेखी विधान’ करून देतं. कोर्टात त्याला कैफियत म्हणतात. हे निदान दिसतं तरी. ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’ला, म्हणजे साठेखताला, ‘विक्री करार’ म्हटलं की विद्यार्थी त्याला खरेदीखत समजतो. साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं. एका शब्दाने अशिलाचा दावाच बदलतो. माझ्या मते पहिली बैठक याचीच हवी.

आणि कायदेविषयक मदत केंद्रात येणाऱ्या बाईची तक्रार नावागावासकट चॅटमध्ये चिकटवायची नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात निर्णय देण्यासाठी एआय वापरायला मनाई आहे. महाविद्यालयाला स्वतःचा एक पानी नियम का करता येऊ नये?

साक्षीपुरावा
मॅडम, साठेखताचं उदाहरण माझ्या ४८२ पेक्षा चांगलं आहे. पहिल्या बैठकीत दोन्ही घेऊ.

मूळवाचन सर, पहिल्या दोन सत्रांची बंदी मला विद्यार्थ्यांसाठी मान्य, शिक्षकांसाठी नाही. मूल घरी काय वापरतं हे ज्याने स्वतः वापरून पाहिलेलं नाही, तो हाताने लिहिलेलं टिपणही यंत्रावरून उतरवलेलं आहे का, हे कसं ओळखणार?

मूळवाचन
ओळखायचं नाहीच. वर्गात छापील निवाडा द्यायचा, फोन बाहेर, नव्वद मिनिटं. घरचा अभ्यास गुणांना धरायचाच नाही. शिक्षकांनी यंत्र वापरून बघण्याला माझी हरकत नाही, पण बारा तासांतले सहा छापील निवाड्यांना द्या.

तासिका_तत्त्व
सहा असोत की बारा, हजेरीपत्रकावर चढवा म्हणजे बिल काढता येईल.