रेस्पिट केअरला मराठीत काय म्हणावं? 'विसावा' नको म्हणतायत

रामबाग
इंदूरला आम्ही काही मराठी मंडळी मिळून एक छोटं काम सुरू करतोय. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा विस्मरण वाढलेलं म्हातारं माणूस असेल, तर आठवड्यातून एकदा चार तास आमच्यापैकी कुणीतरी तिथे जाऊन थांबायचं. तेवढ्या वेळात रोज करणाऱ्या सुनेला, मुलीला, नवऱ्याला बाहेर पडता यावं. त्याचं एक पानी पत्रक हिंदीत आणि मराठीत निघणार आहे, मराठीचं माझ्याकडे आलं. अशा कामाला इंग्रजीत 'रेस्पिट केअर' म्हणतात, त्याला मी सरळ 'विसावा सेवा' लिहिलं आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींना वाचून दाखवलं. काकांना सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून सगळं त्याच करतात. पत्रक खरं तर त्यांच्यासारख्यांसाठीच. ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "विसावा म्हणजे अर्ध्या वाटेत तिरडी टेकवतात ती जागा ना गं? ह्यांच्या कानावर नको पडायला."

मला विसावा म्हटलं की झाडाची सावली दिसायची. आता तो शब्द लिहवत नाही. शिवाय दुसऱ्या एका काकूंना तो वृद्धाश्रम वाटला, "म्हणजे यांना तिकडे नेऊन ठेवायचं का?" हिंदीवाल्यांचीही हीच गत. 'राहत' लिहिलं तर लोकांना वाटतं सरकारी मदत मिळणार. शनिवारी छपाईला द्यायचंय. शब्द सुचवा.

वाखरी
विसावा सोडू नका, ताई. मावशी म्हणतात तो अर्थ खराच आहे, आमच्या गावीही स्मशानाच्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. पण वारीचं अख्खं वेळापत्रक याच शब्दावर चालतं. सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळचा विसावा, मग मुक्काम. मुक्कामाला पथारी पसरतात. विसाव्याला नाही. पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे आणि पुन्हा चालू लागायचं. रेस्पिटचा अर्थ याहून नेमका कुठे मिळणार? विश्रामापासून झिजत झिजत घडलेला घरचा शब्द आहे. एका अर्थाला भिऊन शब्द टाकायचे तर 'माती', 'पाणी सोडणं', 'उचलणं' हेही टाकावे लागतील.

रामबाग
दादा, वारी मावशींनी टीव्हीवर पाहिलीय. तिरडी दारातून गेलेली पाहिलीय. ज्यांच्यासाठी पत्रक आहे त्यांनाच तो शब्द टोचत असेल तर मी कोणाच्या बाजूनं उभं राहू?

शब्दनिष्ठ
'सेवाविराम' घ्या. किंवा 'शुश्रूषाविराम'. अर्थ स्वच्छ, जोडाक्षरांची भीती नको. दिनांक आणि महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द, तेही पहिल्यांदा लोकांना जडच वाटले होते. आज रिक्षावालाही महापौर म्हणतो. आपण वापरायला लागलो की शब्द रुळतो.

लष्कर
ग्वाल्हेरहून. तीस वर्षं नर्सिंग केलंय. 'सेवाविराम' वाचून घरच्यांना वाटेल की येणारी नर्स आता बंद झाली. शिवाय शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, श्रु धातूपासून. माझ्या मते सगळ्या नर्सिंगचं सार त्या एका शब्दात आहे. त्याला 'विराम' जोडू नका, वाईट वाटतं.

रामबागताई, आधी दुसरा प्रश्न सोडवा. ज्या माणसाला सुटका द्यायची त्याला काय म्हणणार? पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. फार मायेचे शब्द आहेत. पण इथे हिंदीत शुभंकर म्हणजे खेळांच्या स्पर्धेतला तो बाहुला! मी एकदा एका सूनबाईंना 'तुम्ही शुभंकर' म्हटलं, तर त्यांचा मुलगा विचारतो, आई वाघ झाली का. इस्पितळात सगळे 'अटेंडर' म्हणतात, आणि आजाऱ्याचं करणाऱ्याला म्हणायचे तो 'तीमारदार' जुन्या लोकांबरोबर गेला.

वाखरी
काळजीवाहू?

लष्कर
ते सरकार असतं.

मालवामिल
वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते, १९९१ला मिल बंद पडेपर्यंत. आमच्या घरात यासाठी एकच शब्द होता: बदली. कायम कामगार आला नाही की त्याच्या मागावर, म्हणजे लूमवर, बदली उभा राहायचा. सकाळी फाटकाशी बदलीवाले थांबलेले असायचे. माग बंद ठेवायचा नाही आणि कामगाराला ताप असताना उभं करायचं नाही, दोन्ही त्यात आलं. आजी पडून होती तेव्हा आई शेजारच्या काकूंना म्हणायची, "आज दुपारी माझी बदली कराल का?" तुमच्या पत्रकात 'बदली सेवा' लिहा. मिल इलाक्यात एकालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शब्दनिष्ठ
आणि उरलेल्या शहराला वाटेल की कलेक्टर कचेरीतली बदली करून देता. शब्द एका मोहल्ल्यापुरता असून चालत नाही. शिवाय 'बदली' अरबी.

मालवामिल
मोहल्लाही अरबी आहे, साहेब.

बडोदेकर
मी सासूबाईंचं अकरा वर्षं केलं. शेवटची सहा वर्षं विस्मरणाची. वर रामबागनं 'रोज करणाऱ्या सुनेला' असं लिहिलंय ते परत वाचा. काय करणाऱ्या, ते तिनं सांगितलेलं नाही आणि आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही. मराठीत या कामाचं नाव 'करणं' हेच आहे. "तिनं सासूचं खूप केलं." अंघोळ, औषध, रात्रीचं चारदा उठणं, कूस बदलणं, सगळं त्या एका क्रियापदात. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात केअरगिव्हरची व्याख्या आहे, मोबदला घेणारा असो वा न घेणारा, आईवडील आणि घरचे धरून. आपल्या भाषेला ते कधीपासून ठाऊक आहे. फक्त करणाऱ्याला थांबायचं कसं, यासाठी शब्द घडला नाही, कारण तो थांबेल असं कुणाला वाटलंच नाही.

बडोद्यात मी 'रजा' म्हणते. गुजरातीत सुटीला रजाच म्हणतात, मुलांपासून दुकानदारापर्यंत. पण मला तो शब्द मूळ अर्थासाठी हवा आहे. अरबीत रज़ा म्हणजे संमती. पहिल्यांदा एक ओळखीच्या बाई आमच्याकडे यायला तयार झाल्या तेव्हा लगेच निघता आलं नाही. संध्याकाळ झाली की सासूबाई कासावीस व्हायच्या, स्वतःच्या घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणायच्या. अनोळखी चेहरा दिसला तर आणखीच. म्हणून पहिले दोन गुरुवार त्या बाई नुसत्या माझ्या शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. तिसऱ्या गुरुवारी मी बाहेर पडले. कमाटीबागेत बाकावर बसले आणि वेळ कसा घालवायचा तेच आठवेना. नणंदेनं फोनवर विचारलं, "आईला सोडून गेलीस?" ती रजा मला सासूबाईंनी दिली होती, त्या बाईंचा हात धरून. नणंदेनं दिली नव्हती. मी स्वतःला दिली होती की नाही, अजून सांगता येत नाही.

लष्कर
बडोदेकर, ते दोन गुरुवार पत्रकात छापा म्हणावं. नवीन माणूस पहिल्याच दिवशी एकटं सोडायचं नाही. आणि एका कागदावर लिहून ठेवायचं: गोळ्या कधी, पाणी घशात अडकतं का, चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे, कोणत्या नावानं हाक मारली की ओ देतात. पडून असलेल्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. शब्द कुठलाही असो, हे हवंच.

शब्दनिष्ठ
अनुभवाबद्दल आदर आहे, मनापासून. पण रजा 'घेतात' ती नोकरीतून. सून नोकर आहे का? या शब्दानं नातं हिशेबात जातं. 'उसंत' का नको? आपला, हळुवार, आणि मला तो उसासाच्या घरातला वाटतो. श्वास सोडायला जागा.

वाखरी
उसंत चांगला आहे, पण तो नेहमी नकारातच येतो. "क्षणाची उसंत नाही." कुणी "मला उसंत आहे" म्हणालेलं ऐकलंय?

मालवामिल
परभाषेचा एवढा विटाळ असेल तर 'निगा'ही सोडा, फारसी निगाहचा, म्हणजे नजर. आणि गंमत बघा, रेस्पिट हा लॅटिन respectus वरून आलेला, त्यातही बघणंच आहे, मागे वळून पाहणं. आपणही 'आईकडे बघायला कोण आहे?' असंच विचारतो. 'ऐवजी' घ्या हवं तर. तोही अरबी, आणि मुळात त्याचा अर्थच मोबदला, बदल. त्याच शब्दाचा मराठीत 'ऐवज' झाला, दागदागिने.

बडोदेकर
आणि बडोद्याच्या राज्यानं १९३१ला कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु. संस्कृतच्या जोडीला फारसी आणि उर्दूही होत्या. एका इंग्रजी शब्दासमोर सगळ्या शेजारी. मला तीच रीत पटते.

वाखरी
'खांदेपालट' कुणी कसा सुचवला नाही? आता वर्तमानपत्रांनी मंत्रिमंडळाला देऊन टाकलाय, पण मूळ पालखीच्या भोयांचा. ओझं तेच, पालखी खाली ठेवायची नाही, फक्त खांदा बदलायचा.

रामबाग
दादा, तिरडीलाही खांदेच बदलतात. मावशी पुन्हा गप्प होतील.

वाखरी
खरंय. लक्षात आलं नाही, माफ करा.

रामबाग
आज छापायला दिलं. काल मावशींनाच विचारलं, तुम्ही शेजारणीला काय म्हणाला असता? त्या म्हणाल्या, "जरा ह्यांच्याजवळ बसशील का, मी देवळात जाऊन येते." तेच लिहिलं. मथळ्यात नाम नाहीच, 'तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो' एवढंच. खाली बारीक अक्षरात रेस्पिट केअर, देवनागरीत. लष्करताईंची यादी मागच्या बाजूला घेतली.

शब्दनिष्ठ
वाक्य छान आहे. पण वाक्य म्हणजे संज्ञा नव्हे. उद्या सरकारी योजनेत, कोशात, शाळेच्या पुस्तकात काय लिहाल? 'बसतो सेवा'?

लष्कर
मला दुसरी शंका आहे. 'बसतो' वाचून येणारी मुलं खरंच बसतील, मोबाईल घेऊन. कूस कोण बदलणार?

बडोदेकर
आमच्या बाई खरंच बसायच्या, लष्करताई. सासूबाईंना हवं होतं ते तेवढंच. वळवायची वेळ आली की उठायच्या.

मालवामिल
शब्दनिष्ठ, 'संज्ञा'वर वेगळा धागा काढा. माझं 'बदली'वर अजून संपलेलं नाही. बदलीचं कार्ड असायचं, वडिलांकडे एक होतं, ट्रंकेत शोधतो. त्यावर मराठीत काय छापलं होतं ते पाहून लिहितो.