युरिक ॲसिडचे औषध सुरू केल्यापासून गाऊटचे झटके वाढले आहेत – मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय 52 वर्षे असून गेली पाच वर्षे मला गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा) त्रास आहे. पूर्वी वर्षाकाठी दोन-तीन झटके येत आणि तेही उजव्या पायाच्या अंगठ्यातच. चार-पाच दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या की ठणका उतरत असे आणि पुढच्या झटक्यापर्यंत हा आजार मी जवळजवळ विसरूनच जात असे. या वर्षी रक्तातील युरिक ॲसिड 9.4 निघाले, तेव्हा आता दीर्घकाळ औषध घ्यावेच लागेल असे सांगून डॉक्टरांनी अलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅम सुरू केले आणि चार आठवड्यांनी ते 200 केले. सोबत झटके टाळण्यासाठी कोल्चिसिन 0.5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी महिनाभरासाठी लिहून दिली होती. त्या गोळ्या संपल्यावर, त्या केवळ सुरुवातीपुरत्याच असाव्यात अशा समजुतीने मी पुन्हा आणल्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात अंगठा सुजला आणि आठव्या आठवड्यात डावा घोटा इतका दुखू लागला की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. ‘ही गोळी तुम्हाला मानवत नाही’ असे घरचे सगळेच म्हणू लागल्यामुळे मी स्वतःच अलोप्युरिनॉल नऊ दिवस बंद ठेवले आणि सूज उतरल्यावर पुन्हा 200 मिलिग्रॅम घेऊ लागलो. गेल्या आठवड्यात गुडघा धरला, ज्या गुडघ्यात आजवर मला कधीच काही झाले नव्हते. ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड 6.3 आले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक आहे, अंगावर पुरळ नाही. रक्तदाबासाठी मी हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी आणि कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन घेतो.

युरिक ॲसिड उतरत असताना झटके का वाढावेत, हे मला समजत नाही. हे औषध चालू ठेवावे की दुसरे मागावे? आणि 6.3 या आकड्यावर मी कितपत विसंबावे?

प्रतिसाद 1

आपले औषध निकामी ठरलेले दिसत नाही. ते काम करू लागल्याचीच ही लक्षणे असावीत. रक्तातील युरिक ॲसिड साधारण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात आणि आपल्या बाबतीत ते अनेक वर्षे साचत आले असणार. औषधाने रक्तातील पातळी खाली आली की हे थर विरघळू लागतात, सैल होतात आणि त्यांतले सुटे कण सांध्यात उतरतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्या कणांवर तुटून पडतात आणि त्यातूनच सूज व ठणका उद्भवतो. गुडघ्यात पूर्वी दुखले नव्हते म्हणून तिथे स्फटिक नव्हते असे होत नाही. तरीही हा सांधा प्रथमच धरला आहे, तेव्हा सोबत ताप किंवा थंडी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सांध्यातील पाणी तपासून घ्यावे, कारण जंतुसंसर्गही असाच दिसू शकतो.

माझ्या मते खरी चूक कोल्चिसिन लवकर थांबण्यात झाली, आणि ते थांबले नेमके मात्रा वाढली त्याच सुमारास. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेबुक्सोस्टॅटच्या (युरिक ॲसिड कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या) मोठ्या चाचणीत झटके रोखणारे संरक्षक औषध 8 आठवड्यांनी बंद करताच झटके उसळले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे हे संरक्षण 3 ते 6 महिने द्यावे आणि झटके येतच राहिले तर पुढेही चालू ठेवावे असे सांगतात. मात्र आपण अटोरव्हास्टॅटिन घेता, म्हणून कोल्चिसिन पुन्हा सुरू झाल्यावर स्नायू दुखणे किंवा अशक्तपणा जाणवल्यास लगेच कळवावे.

झटक्यात अलोप्युरिनॉल बंद करू नये, कारण पातळी खाली-वर होणे हेच नव्या झटक्याला निमंत्रण असते. झटक्यावर वेगळे उपचार करायचे आणि मूळ गोळी तशीच चालू ठेवायची. याला अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा आहे: अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. नऊ दिवसांच्या खंडानंतर कोणत्या मात्रेपासून सुरुवात करायची, हेही त्यांनाच विचारायला हवे होते.

राहिला आकड्याचा प्रश्न. झटक्यात युरिक ॲसिड प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते, म्हणून सूज पूर्ण ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावे. ध्येय 6 च्या खाली राहण्याचे आहे आणि 200 मिलिग्रॅमवर ते गाठले नाही, तर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात. अनेकांना 300 किंवा त्याहून अधिक लागते.

प्रतिसाद 2

मी स्वतः या टप्प्यातून गेलो आहे आणि पहिले सात महिने मला औषधाआधीच्या वर्षापेक्षाही वाईट गेले. दुसऱ्या वर्षी एकच सौम्य झटका आला आणि त्यानंतर एकही नाही. आपल्या रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवते, उलट लोसार्टन हे रक्तदाबाचे दुसरे औषध ते थोडे कमी करते, म्हणून बदल शक्य आहे का हे अवश्य विचारा. मात्र ती गोळी परस्पर बंद करू नका. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेतले, तर कोल्चिसिन शरीरात विषारी पातळीपर्यंत साचू शकते. तेव्हा कोणत्याही कारणासाठी नवे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी कोल्चिसिन चालू असल्याची कल्पना द्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ताप नाही आणि गुडघा आता बराच उतरला आहे. आज डॉक्टरांशी बोललो. गोळी मधेच बंद केल्याबद्दल बोलणी खाल्ली. कोल्चिसिन पुन्हा सुरू झाले आहे, अलोप्युरिनॉल 200 वरच ठेवले आहे आणि तीन आठवड्यांनी रक्ततपासणी आहे. रक्तदाबाच्या गोळीचा विषय काढला, तेव्हा तपासणीचा आकडा हाती आल्यावर बदलाचा विचार करू, असे ते म्हणाले. तो आकडा आला की इथे कळवतो.