मॅस्कॉटला मराठीत काय म्हणायचं? शुभंकर, बोधचिन्ह की आणखी काही?

ऋजुता_मेडफर्ड
मंडळींनो, जरा मदत हवीय. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय, अमेरिकेतल्या लहान कॉलेजांच्या फुटबॉलवर. म्हणजे टीव्हीवर दिसतं ते लाखभर प्रेक्षकांचं प्रकरण नाही, डिव्हिजन थ्री, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही आणि प्रेक्षक म्हणजे आईबाप, आजीआजोबा आणि घरची कुत्री. त्यात टफ्ट्स युनिव्हर्सिटीचा जंबो आहे, म्हणजे तिथल्या टीमचा मॅस्कॉट, नशीब आणणारं पात्र. बार्नम सर्कसचा तो हत्ती 1885 मध्ये कॅनडात रेल्वे इंजिनाची धडक बसून मेला, त्याचं कातडं पेंढा भरून बार्नमने टफ्ट्सला दिलं, पोरं परीक्षेच्या आधी नशीब म्हणून त्याची शेपटी ओढायची आणि सोंडेत नाणी टाकायची, मग 1975 मध्ये इमारतीला आग लागली नि जंबो जळाला. कोणीतरी थोडी राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. ती बरणी अजून क्रीडा विभागाच्या ऑफिसात आहे.

माझं वाक्य होतं : "मॅचच्या आधी खेळाडू जंबोच्या राखेच्या बरणीवरून हात फिरवतात."
संपादकांकडून आलं : "सामन्यापूर्वी क्रीडापटू शुभंकराच्या अस्थिकलशाचे दर्शन घेतात."

अहो, पीनट बटरची बरणी आहे ती!! अस्थिकलशाचं मी भांडून घेईन, पण मॅस्कॉटला शुभंकर बरोबर आहे का? मला ते बारशाला ठेवायचं नाव वाटतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पंतोजी
शुभंकर अगदी बरोबर आहे. शुभ करणारा तो शुभंकर. वर्तमानपत्रं कित्येक वर्षं वापरतायत. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही नशीब आणणारा असाच आहे, त्यामुळे इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं. तुमच्या संपादकांचं अभिनंदन. अस्थिकलशाबद्दल मात्र मौन.

जुना_पेपरवाला
पंतोजी, कित्येक वर्षं म्हणजे किती? 1982 च्या एशियाडचा अप्पू हत्ती आठवतो ना? आमच्या घरी येणाऱ्या पेपरात तेव्हा 'बोधचिन्ह' असायचं. मी कात्रणं चिकटवायचो वहीत. शुभंकर हे नंतर हिंदीतून आलेलं आहे.

पंतोजी
बोधचिन्ह म्हणजे लोगो. त्यातून काहीतरी बोध व्हावा लागतो. अप्पूकडून कसला बोध घ्यायचा? आणि शुभंकर संस्कृत आहे, हिंदीचा संबंध नाही.

जुना_पेपरवाला
संस्कृतातून थेट आमच्या पेपरात आला का? वाटेत कुठे थांबलाच नाही?

अगो
माझ्या आतेभावाचं नाव शुभंकर आहे. "हाफटाइमला शुभंकर गाईच्या वेशात नाचला" असं छापलंत तर त्याची आई मंडळावर मोर्चा आणेल. हघ्या (हलकं घ्या).

दगडूशेठ_नव्हे
मॅस्कॉटचं मूळ प्रोव्हेन्साल भाषेतल्या 'मास्को'मध्ये आहे, अर्थ चेटकीण. त्यावरून मास्कोट म्हणजे मंतरलेली वस्तू, ताईत. 1880 च्या एका फ्रेंच संगीत नाटिकेमुळे तो शब्द सगळीकडे गेला, त्यात शेतावरची एक मुलगी असते, ती ज्याच्या घरी राहील त्याची भरभराट. आता जरा डोळे मिटून विचार करा : मास्को, म्हास्को, म्हसको... म्हसोबा! शिवेवर बसलेला, गावाचं रक्षण करणारा, नवस केला तर पावणारा, दुर्लक्ष केलं तर पिडणारा. मॅस्कॉटला मराठी शब्द म्हसोबा. धागा बंद करायला हरकत नाही.

पंतोजी
काहीही हं. म्हसोबाचा संबंध महिषाशी, म्हशीशी लावतात. चेटकिणीचा काय संबंध?

दगडूशेठ_नव्हे
मग तर आणखीच बरं, प्राणीसुद्धा आला त्यात.

रंकाळा_कट्टा
म्हसोबाला आपलं अनुमोदन. नाद खुळा. पण मला सांगा, हातात बॉल धरून पळत्यात त्याला फुटबॉल का म्हणायचं? आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की आख्खी पेठ खाली हुती, तो फुटबॉल. आमच्या तालमींना कसला मॅस्कॉट नि कसलं काय. पेठ हाच मॅस्कॉट.

अगो
आला, कोल्हापूर आलं. धागा भरकटायला सहा प्रतिसाद पुरे.

मिनेसोटा_गारठा
भरकटू द्या, पण आधी मूळ प्रश्नाला थोडा हात लावतो. माझ्या मते मॅस्कॉट या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात आणि तिथेच सगळी गडबड आहे. विल्यम्स कॉलेज घ्या. टीमचं नाव 'एफ्स', ते संस्थापक इफ्राइम विल्यम्सच्या नावावरून. मॅस्कॉट मात्र जांभळी गाय, तिचा इफ्राइमशी काही संबंध नाही. आणि त्या गाईचा झगा घालून घामाघूम होऊन नाचणारं पोरगं हे तिसरंच. तर टीमचं नाव म्हणजे बिरुद, ती गाय म्हणजे शुभंकर म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, आणि झगेवालं पोरगं म्हणजे सोंग. आपल्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून नाचतात त्यांना सोंगच म्हणतात ना? त्यात कमीपणा काही नाही, उलट सोंग घेणाऱ्याला मान असतो.

ऋजुता_मेडफर्ड
सोंग भारी आहे!! पण संपादक म्हणतील सोंग म्हणजे ढोंग.

पंतोजी
म्हणणारच. 'सोंगं करू नकोस' हे आईच्या तोंडी ऐकून मोठी झालेली पिढी वाचणार आहे तुमचा अंक.

मांडवी_तीर
आमच्या गोव्यात आणि खाली कोकणात राखणदार असतो. गावाचा, बांधाचा, पाणवठ्याचा. त्याला वर्षाचं द्यायचं असतं ते दिलं की तो सांभाळतो. जंबोच्या बरणीला हात लावून मैदानात उतरणं हे राखणदाराला नारळ देण्यासारखंच झालं. म्हसोबापेक्षा राखणदार लोकांना पटेल, म्हसोबा म्हटलं की लोक हसतात.

दगडूशेठ_नव्हे
हसू देत. मॅस्कॉट बघून काय लोक रडतात? कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर कॉलेजचं बिरुद आहे 'पोएट्स'. कवी!! जॉन ग्रीनलीफ व्हिटियर या कवीचं नाव गावाला आणि कॉलेजला, म्हणून टीमही कवी. रिचर्ड निक्सन तिथे फुटबॉलच्या टीममध्ये होता, बहुतेक वेळ बेंचवर. 2022 मध्ये त्यांनी फुटबॉलच बंद केला. आता कवीला राखणदार म्हणणार का तुम्ही? कवीला स्वतःचं घर राखता येत नाही.

अगो
कवींनी या प्रतिसादाची नोंद घेतलेली आहे.

लेक्सिंग्टनकर
केंटकीतला आहे म्हणून राहवत नाही. डॅनव्हिलला सेंटर कॉलेज आहे. 1921 मध्ये या चिमुकल्या कॉलेजने हार्वर्डला 6-0 हरवलं आणि पोरांनी भिंतीवर रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं सी-सिक्स एच-झिरो रंगवलं. पण मला सांगायचंय ते वेगळं. तिथले विद्यार्थी होम गेमला एक तसबीर घेऊन येतात, फ्रेड व्हिन्सनची. हा माणूस त्याच कॉलेजचा, पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला, 1953 मध्ये वारला, आणि त्याच्या फ्रॅटर्निटीची (म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांच्या मंडळाची) पोरं तेव्हापासून त्याची तसबीर मॅचला आणून बसवतात. नाव 'डेड फ्रेड'. त्याला मराठीत काय म्हणाल? मी घरी सांगताना 'कै. फ्रेड' म्हणतो. आई म्हणाली हार घालतात का, म्हटलं नाही, नुसताच आणतात, तर म्हणाली मग कसली पोरं ती.

तर हा कै. फ्रेड मॅस्कॉट नाही, बिरुद नाही, सोंग तर नाहीच नाही. मिनेसोटाकरांच्या तीन खणांत तो बसत नाही.

मिनेसोटा_गारठा
त्याला 'मानकरी' म्हणा. पुढच्या रांगेत बसणारा.

विदर्भी_संत्रं
+१ मानकरी. आणि शुभंकर म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे, की अॅमहर्स्ट कॉलेजचा मॅस्कॉट कित्येक वर्षं 'लॉर्ड जेफ' होता, म्हणजे ब्रिटिश सेनापती जेफ्री अॅमहर्स्ट, ज्याने 1763 च्या पत्रव्यवहारात मूळ रहिवाशांमध्ये देवीची लागण झालेली ब्लँकेटं वाटण्याची कल्पना उचलून धरली होती. 2016 मध्ये कॉलेजने त्याला सोडलं, 2017 मध्ये मॅमथ घेतला, त्यांच्या म्युझियममध्ये मॅमथचा सांगाडा आहे म्हणून. आता त्या लॉर्डाला शुभंकर म्हणायचं का? अशुभंकर म्हणा हवं तर. मॅस्कॉट शब्दाला कोणताच रंग नाही, म्हणून मॅस्कॉटच ठेवा. टेबलाला आपण टेबलच म्हणतो की नाही?

पंतोजी
याच न्यायाने उद्या सगळंच ठेवा. मैदान फारसी आहे म्हणून क्रीडांगण आलं, तेव्हाही असेच हसले होते लोक. आज शाळेच्या फाटकावर लिहिलेलं असतं.

रंकाळा_कट्टा
फाटकावर लिवलंय, बोलतंय कोण? 'मैदान मारलं' म्हणतो आपण. 'क्रीडांगण मारलं' म्हणून दाखवा एकदा, मी जेवण देतो.

विदर्भी_संत्रं
😂😂 रंकाळा, जिंकलास.

जुना_पेपरवाला
मैदानावरून आठवलं. या खेळाच्या मैदानाला अमेरिकेत ग्रिडआयर्न म्हणतात, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायची जाळी. 1882 मध्ये नियम आला की तीन डावांत पाच वार पुढे सरका नाहीतर बॉल द्या, मग मोजायला सोपं जावं म्हणून दर पाच वारांवर फकी मारायला लागले, आणि लांबून ती जाळीसारखी दिसायला लागली. आता आपल्या आट्यापाट्या आठवा. तिथेही आडव्या पाट्या आणि मधून उभी सूरपाटी, तिथेही एकेक पाटी ओलांडून पलीकडे पोचायचं आणि अडवणारा पाटीवर उभा. मराठीत लिहायचं तर 'वीस वारांच्या पाटीवर बॉल अडवला' असं बिनधास्त लिहा, खेडेगावातल्या माणसाला कळेल. मी स्वतः लहानपणी सूर होतो.

पंतोजी
वार! हा शब्द वापरल्याबद्दल तुम्हाला शंभर गुण. हल्ली सगळे यार्ड म्हणतात आणि नऊवारी मात्र नेसतात.

मिनेसोटा_गारठा
वाराचा विषय निघाला म्हणून. आमच्या नॉर्थफील्ड गावात दोन कॉलेजं आहेत, कार्लटन आणि सेंट ओलाफ, नदीच्या दोन बाजूंना. 1977 मध्ये कार्लटनच्या एका रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या डोक्यातून निघालं की देश मेट्रिक होतोय तर मॅचही मेट्रिक खेळू. शंभर वारांचं मैदान शंभर मीटरचं केलं, दहा वारांऐवजी दहा मीटर गाठायचे, खेळाडूंची वजनं किलोत. नाव ठेवलं लिटर बोल, खास मॅचला इथे बोल (Bowl) म्हणतात म्हणून. सेंट ओलाफने 43-0 धुतलं. अमेरिका काही मेट्रिक झाली नाही आणि मैदान परत वारांवर आलं.

विदर्भी_संत्रं
मास्तरांना नंतर कोणी विचारलं का, की गुण पण मेट्रिक करायचे होते, शून्याला काही फरक पडला असता का.

मांडवी_तीर
अवांतर : ऋजुताताई, त्या लेखात घंटेचं आहे का? इंडियानातल्या वाबाश आणि डीपॉव या दोन कॉलेजांची मोनॉन बेल. रेल्वे इंजिनावरची तीनशे पौंडांची घंटा, 1932 पासून दोघांच्या मॅचमध्ये जिंकेल त्याची. आणि हरलेले ती चोरायला बघतात. 1965 मध्ये वाबाशच्या एका पोराने मेक्सिकोहून आल्याची बतावणी करून डीपॉवच्या अध्यक्षांची भेट घेतली, घंटा कुठे ठेवलीय ते काढून घेतलं आणि मग ती पळवली.

ऋजुता_मेडफर्ड
आहे ना! तिथेही कात्री लागलीय. मी 'घंटा चोरायचा रिवाज' लिहिलं होतं, त्याचं 'घंटा-हरणाची गौरवशाली परंपरा' झालंय.

अगो
घंटाहरण 🙏 सीताहरणानंतर थेट हेच. आणि घंटा गौरवशाली.

पंतोजी
परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालते ती. चोरी ही फार तर वहिवाट म्हणता येईल.

जुना_पेपरवाला
वहिवाट जमिनीची असते हो, चोरीची नाही. पायंडा म्हणा.

लेक्सिंग्टनकर
पायंडा वाईटच असतो का? "चांगला पायंडा पाडला" असंही म्हणतात.

दगडूशेठ_नव्हे
पायंडा पाडतात, परंपरा जपतात, वहिवाट असते, रिवाज पाळतात आणि प्रथा बंद करतात. तुमच्या घंटेचं यातलं काय होतं ते बघा आणि शब्द निवडा.

विदर्भी_संत्रं
हे भारी आहे, वहीत लिहून ठेवतो.

ऋजुता_मेडफर्ड
आणखी एक विचारते, मग त्रास नाही देणार. होमकमिंग? ऑक्टोबर-नोव्हेंबरातली ती मॅच जिला जुने विद्यार्थी परत येतात. विल्यम्समध्ये होमकमिंग जिंकलं की सगळी टीम मैदानावरून निघून स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत चालत न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाते. संपादकांनी 'माजी विद्यार्थी मेळावा' केलंय. मेळावा म्हटलं की मला सतरंज्या आणि माइक टेस्टिंग दिसतं.

मांडवी_तीर
शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेच हे. 'गावी येणं' म्हणा सरळ.

अगो
माहेरपण!!

पंतोजी
माहेरपण फक्त मुलींचं असतं.

अगो
कोण म्हणतं? मी सासुरवाडीत राहतो, मला दरवर्षी माहेरपण लागतं.

लेक्सिंग्टनकर
वाबाश तर अजून फक्त मुलग्यांचं कॉलेज आहे. तिथे माहेरपण लिहिलंत तर बहारच येईल.

जुना_पेपरवाला
'पालखी परत येणे' असं काहीतरी सुचतंय पण जमत नाहीये.

रंकाळा_कट्टा
न्हाव्याच्या दुकानापर्यंत का जात्यात ते कुणी सांगितलंच न्हाई. आणि ग्राउंडवर गवत हाय का आमच्यासारखी माती?

मिनेसोटा_गारठा
कॉलेजागणिक वेगळं, बऱ्याच जणांनी आता कृत्रिम गवत टाकलंय. कनेटिकटात वेस्लियन युनिव्हर्सिटीचं अँड्रस फील्ड मी पाहिलंय. 1881 पासून तिथे फुटबॉल चालू आहे, बरोबर लायब्ररीच्या समोर, आणि एका बाजूला टेकडी आहे, पोरं तिच्या उतारावर पाय पसरून मॅच बघतात. बेसबॉलचं मैदानही त्यातच घुसलंय आणि पदवीदान पण तिथेच.

रंकाळा_कट्टा
म्हंजे एकच ग्राउंड, त्यात सगळंच. आमच्या शाळेचं तसंच हुतं, फक्त त्यात बाजार पण भरायचा, गुरुवारी.

पंतोजी
'पदवीदान' नव्हे, 'दीक्षान्त'.

विदर्भी_संत्रं
झालं, आता दुसरा धागा काढा.