विज्ञानकथेचा निस्सीम चाहता म्हणजे जुन्या आठवणींवर जगणारा वाचक नव्हे

शतभिषा

'कऱ्हाकाठ' यांनी परवा येथे लिहिले की, मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले तेव्हा हळहळणाऱ्या बहुतेकांनी शाळा सुटल्यानंतर एकही विज्ञानकथा वाचली नसावी; मराठीत 'विज्ञानकथेचा निस्सीम चाहता' म्हणजे बालपणी वाचलेल्या चार पुस्तकांच्या आठवणीवर जगणारा माणूस, आणि प्रौढ वाचकाने या प्रकारातून वेळीच बाहेर पडायला हवे. पहिल्या विधानावर मी भांडणार नाही. शेवटचे वाक्य मात्र मला लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. कथेत ती गोळी त्यांना चाटून निघून जाते. इथपर्यंत कोणीही लिहू शकेल, कारण पानिपत जिंकले असते तर काय झाले असते, हा विचार कधीच केला नाही असा मराठी माणूस विरळा. पण पुढे मुंबईत इंग्रजांचा अंमल चालूच राहतो, पेशव्यांचे कर्तृत्व कालांतराने ओसरते, त्यांची जागा लोकांनी निवडून दिलेल्या संस्था घेतात आणि या जगात जाऊन पडलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला, म्हणजे गंगाधरपंतांना, आझाद मैदानावरची सभा व्यासपीठावरून हुसकावून लावते. विजयाचे स्वप्न दाखवणारा लेखक सगळे काही आपल्या मनासारखे होऊ देत नाही. एक गोष्ट बदलली की तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यायचा, हा त्या कथेचा स्वतःशी केलेला करार आहे. असा करार पाळणाऱ्या कथा शोधत राहणे आणि न पाळणाऱ्या कथांवर मनापासून चिडणे, यालाच मी चाहती असणे म्हणते. मी नगर नियोजनात काम करते. रस्ता रुंद केल्यावर पुढच्या वीस वर्षांत त्या पेठेचे काय होईल, हा प्रश्न बैठकीत बहुधा मीच विचारते, आणि ही सवय मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने लावलेली नाही.

कऱ्हाकाठ

आपण निवडलेल्या कथेवरच बोलू. प्राध्यापक परत आल्यावर त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना आपत्ती सिद्धान्त (लहानशा बदलाने परिस्थिती एकदम पालटते, असे सांगणारा) आणि पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म कणांचे भौतिकशास्त्र) समजावून सांगतात, आणि तेथून पुढे कथा थांबून व्याख्यान सुरू होते. ज्या माणसाने दुसरा इतिहास डोळ्यांनी पाहिला, त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे सांगायला लेखकाला फारशी उसंत मिळत नाही. मराठी विज्ञानकथा प्रबोधनाच्या चळवळीत वाढली. नारळीकरांची पहिली कथासुद्धा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी, नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवलेली होती. विज्ञानाच्या प्रसारासाठी भरवलेल्या स्पर्धेत वाढलेल्या प्रकाराला विषय समजावून सांगण्याची ओढ राहणारच. मी महाविद्यालयात मराठी शिकवले. विज्ञानकथेचे चाहते असलेले माझे विद्यार्थी अत्यंत हुशार होते. परंतु आवडत्या कथेतील एखादे पात्र काय भोगते, असे विचारले की ते कथेतील कल्पनाच पुन्हा सांगू लागत. माझी तक्रार या वाचनसवयीबद्दल आहे.

मृगजळ

या वादाचे मूळ ग्रंथालयात आहे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या तालुक्याच्या गावी नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांची पुस्तके बालविभागात लावलेली होती, आणि माझी वर्गणी प्रौढ विभागाची असल्यामुळे ती मला घरी नेता येत नसत. मी भाच्याच्या नावाने खाते उघडून ती पुस्तके वाचली. ज्या समाजात विज्ञानकथा वाचण्यासाठी चाळिशीच्या माणसाला लहान मुलाच्या नावाचा आधार घ्यावा लागतो, तेथे 'प्रौढांनी या प्रकारातून बाहेर पडावे' असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच ग्रंथालयाने 'नवल' मासिकाचे जुने अंक रद्दीत घातले. विज्ञानकथाही लिहिणाऱ्या नारायण धारपांना मी ज्या पानांवर पहिल्यांदा भेटलो, ती पाने किलोच्या भावाने गेली, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे.

दालन

मी ग्रंथपाल आहे आणि हा आरोप मुकाट्याने ऐकून घेणार नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील अनुदानावर चालणाऱ्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात एक खोली, थोडी कपाटे आणि अपुऱ्या पगारावर काम करणारा एक माणूस असतो. आमच्या दाखल नोंदवहीत कथा, कादंबरी, चरित्र, बालवाङ्मय असे प्रकार आहेत, विज्ञानकथेचा वेगळा रकाना नाही. मुखपृष्ठावर अंतराळयान दिसले की देणगीदारापासून कार्यकारिणीपर्यंत सगळे 'मुलांना द्या' म्हणतात. जुने अंक काढताना मी स्वतः पदाधिकाऱ्यांशी भांडले आहे, कारण वाळवी लागलेला एक गठ्ठा शेजारचे कपाट खातो, आणि दुसरीकडे ते अंक पुन्हा कोठे मिळणार नाहीत हेही मला ठाऊक असते. त्या सभांना आपल्यासारखे किती सभासद आले होते? कपाटाची किंमत वाचकाने मोजायची नाही आणि राग मात्र ग्रंथपालावर काढायचा, हे योग्य नाही.

मृगजळ

सभासदाने सभेला यावे, हे मान्य. परंतु प्रौढ सभासदाला बालविभागातील पुस्तक न देण्याचा नियम वाळवीने केलेला नव्हता. तो माणसांनी केला होता, आणि तो बदलायला अनुदान लागत नाही.

दालन

तो नियम चुकीचाच आहे. आमच्याकडे तसा नियम नाही, एवढे सांगून मी थांबते.

देशोदेशी

मी न्यू जर्सीत राहते. ग्रंथालयाचा हा वाद मला विषयाबाहेरचा वाटत नाही, कारण चाहता एकटा घडत नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. वाचकांनी त्या पत्त्यांवर एकमेकांना लिहिले, त्यातून मंडळे निघाली, हाताने छापलेली पत्रके निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. त्या संमेलनात आयोजकांनी विरोधी गटातील सहा जणांना दारातच अडवले, म्हणजे चाहत्यांमधील भांडणेही तेवढीच जुनी आहेत. मी येथे अशा एका मेळाव्याला गेले, तेव्हा एका अनोळखी वृद्ध बाईंनी माझ्याशी तासभर काळाच्या प्रवासावर वाद घातला आणि शेवटी आपला पत्ता लिहून दिला. मराठीत मला असे कोणी भेटले नाही. माझ्या मावशीने शुभदा गोगटे आणि माधुरी शानभाग यांच्या विज्ञानकथा वाचल्या होत्या, पण घरात त्याबद्दल बोलायला कोणी नाही म्हणून ती गप्प राहिली, आणि मला हे तिच्या अखेरच्या आजारपणात कळले. आम्ही एकाच घरात राहून एकाच गोष्टीचे चाहते होतो. 'कऱ्हाकाठ' ज्याला बालपणाची आठवण म्हणतात, त्याखाली असे कितीतरी न झालेले संवाद आहेत, आणि त्यांचा दोष वाचकाच्या वयाला देता येत नाही.

कऱ्हाकाठ

आपल्या मावशींबद्दल वाचून वाईट वाटले. परंतु दुःखद आठवणीने वाङ्मयीन आक्षेपाचे उत्तर मिळत नाही. साहित्यविश्वाने विज्ञानकथेला दूर लोटले, हा सूर मला मान्य नाही. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात तिची दखल घेतली होती आणि २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. सन्मान मिळूनही समीक्षा झाली नाही, आणि ती चाहत्यांनीच होऊ दिली नाही. शैलीबद्दल, पात्रांबद्दल कोणी प्रश्न विचारला की 'तुम्हाला विज्ञान कळत नाही' हे उत्तर तयार असते. मला ते अनेकदा ऐकावे लागले आहे.

शतभिषा

ते उत्तर उद्धटपणाचे आहे आणि मी ते कोणालाही देणार नाही. व्याख्यानाच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटत नाही. गंगाधरपंतांच्या हाती अखेरीस उरते ते बखरीचे एक फाटके पान, ज्यात विश्वासराव वाचल्याचे लिहिले आहे. आयुष्यभर कागदाच्या पुराव्यावर विश्वास ठेवलेल्या इतिहासकाराच्या खिशात त्याच्याच विद्येला खोटे पाडणारा कागद निघतो, यापेक्षा तीव्र मनोव्यथा ती कोणती? राजेंद्रचे स्पष्टीकरण मला त्या माणसाला सावरण्याचा एका मित्राचा प्रयत्न वाटते. स्पष्टीकरण काढून टाकले तर गंगाधरपंत वेडे ठरतील किंवा कथा स्वप्नरंजन ठरेल, आणि दोन्ही शेवट सोपे आहेत. विज्ञानकथेत पात्राची वेदना पुष्कळदा कल्पनेच्या आत असते. आपल्या विद्यार्थ्यांनी पात्राबद्दल विचारल्यावर कल्पना सांगितली, तेव्हा कदाचित ते आपल्याच प्रश्नाचे उत्तर देत होते.

कऱ्हाकाठ

फाटक्या पानाबद्दलचे आपले वाचन माझ्यापेक्षा बारकाईचे आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तरीही ही वेदना आपल्याला शोधून काढावी लागली; लेखकाने तिला दोन ओळी अधिक दिल्या असत्या तर कथेचे विज्ञान उणे झाले नसते. शिवाय एका चांगल्या कथेवरून संपूर्ण प्रकाराचा न्याय करता येत नाही. सुबोध जावडेकरांच्या कथा मी वाचलेल्या नाहीत आणि त्यांत माणसाच्या मनाला अधिक जागा आहे, असे माझे काही विद्यार्थी सांगत असत. त्या वाचून मी येथेच लिहीन. प्रौढ वाचकाने या प्रकारातून बाहेर पडावे, हे वाक्य मी तोवर बाजूला ठेवतो. मागे घेत नाही.

मृगजळ

ती पुस्तके आपल्या ग्रंथालयात कोणत्या विभागात ठेवली आहेत, तेही कृपया लिहावे.