शेतांच्या हद्दी साठवायला कोणता डेटाबेस घ्यावा?

औसा (प्रश्न)
नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीनच्या वावरांचा नकाशा करायलोय. पोरं मोबाइल घेऊन बांधाबांधानं फिरली, ४,३०० तुकडे गोळा झाले. सगळं एकाच जिओजेसन (नकाशातले आकार मजकुरात लिहायची पद्धत) फाइलीत, ३८ एमबी. लीफलेटवर (वेबपानावर नकाशा दाखवायची लायब्ररी) उघडलं की गावाकडच्या नेटवर पान गोठतंय. मोंगोडीबी हा डेटाबेस मला येतो, त्यात जिओजेसन जसंच्या तसं राहतं. तेच घेऊ की पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशासाठीची जोड) शिकू?

परभणी
भाऊ, पान गोठतंय ते अख्खी फाइल एकदम पाठवता म्हणून. समोरच्या चौकटीतली वावरं मोंगोही पटकन काढून देईल. तरी पोस्टजीआयएसच शिका, आणि त्याचं कारण बांध आहे. दोन शेजाऱ्यांनी आपापली हद्द चालून मोजली की रेघा एकमेकींवर चढतात. कोणतं वावर कोणत्या वावराला छेदतंय हे मोंगो सांगतं. पण तेवढाच पट्टा कापून त्याचे गुंठे काढायची सोय त्यात नाही. पोस्टजीआयएसमध्ये एसटी_इंटरसेक्शन (सामाईक भाग कापतं) आणि एसटी_एरिया (क्षेत्र काढतं), एका क्वेरीत काम होतं. चालताना रेघ स्वतःलाच ओलांडून डमरूसारखी झालेली असते, तिला आधी एसटी_मेकव्हॅलिड (आकार दुरुस्त करतं) लावा.

क्षेत्रफळाचं मी स्वतः भोगलंय. वेबनकाशे ३८५७ (वेब मर्केटर नावाचं सपाट प्रक्षेपण) मध्ये रंगतात म्हणून मी हद्दीही त्यातच ठेवल्या आणि क्षेत्रही त्यातच काढलं. विषुववृत्तापासून लांब जावं तसं ते प्रक्षेपण ताणतं. परभणीच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे १२ टक्के जास्त येतं. एकराचं वावर ४५ गुंठे दिसलं. एका आजोबांनी सातबारा पुढं ठेवला आणि विचारलं, "हे वरचे पाच गुंठे कुणाच्या रानातले?" त्या दिवसापासून हद्दी ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) मध्ये आणि क्षेत्र जिओग्राफी प्रकारात, म्हणजे पृथ्वीचा गोलावा धरून. यूटीएमचा (मीटरमध्ये मोजायचं, पट्ट्यापट्ट्यांचं प्रक्षेपण) ४३ वा पट्टाही तुम्हाला चालेल, पण तो ७८ रेखांशापर्यंतच. किनवट त्याच्या पलीकडं आहे.

नकाशाला एसटी_एझएमव्हीटीनं टाइल (समोरच्या भागापुरते छोटे चौकोनी तुकडे) करून द्या. लीफलेटला त्यासाठी प्लगइन लागतं, मॅपलिब्रे या दुसऱ्या नकाशा लायब्ररीला लागत नाही. डेटाबेसात जिस्ट इंडेक्स (जागेवरून पटकन शोधायची सूची) मात्र लावाच.

जालना
मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस कुणी सुचवला तर एक ध्यानात ठेवा: ४३२६ मध्ये मजकुरातून आकार भरताना ते आधी अक्षांश धरतं, पोस्टजीआयएस आणि जिओजेसन आधी रेखांश. आमची वावरं उलटी होऊन उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात गेली होती. रानात नेट नसेल तर पोरांच्या मोबाइलवर जिओपॅकेज (नकाशाचा डेटा ठेवायची एक फाइल) द्या, आतून ते एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसच आहे.

औसा
दादा, पोस्टजीआयएस टाकलं. एका गावापुरतं तपासलं तर १७ ठिकाणी हद्दी एकमेकींत घुसल्यात, सगळ्यात मोठा पट्टा तीन गुंठ्यांचा. तिथं उद्या दोन्ही शेजाऱ्यांना एकत्र घेऊन परत चालणार आहोत. मोबाइलची चूक पाच-सात मीटर धरली तर किती रुंदीपर्यंतचा पट्टा सोडून द्यावा?

परभणी
रुंदीवरून आपण ठरवू नका. दोघांना स्क्रीनवर दाखवा, बांध कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक.