हवाश घरीच करा, मटणाशिवायही मरक छान होतं

एकीने विचारलंय की मटण न घालता सोमाली मरक, म्हणजे सोमालियातला मसालेदार रस्सा, होईल का आणि त्यात लागणारा हवाश मसाला कुठे मिळेल, तर होतं की, आणि मसाला विकत शोधत बसू नका, सगळं आपल्या डब्यात असतंच. ४ चमचे जिरे, ४ चमचे धने, १ चमचा मिरी, ५-६ वेलदोडे, ४ लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, मंद गॅसवर वास सुटेपर्यंत भाजायचं, गार झालं की मिक्सरला फिरवून १ चमचा हळद मिसळायची. लाल तिखट यात अजिबात नाही हां, तिखटपणा बसबासमधून येतो, म्हणजे हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, लिंबू वाटून केलेली चटणी, ती वरून हवी तेवढी घ्यायची.

मग तेलात कांदा, लसूण, भरपूर टोमॅटो, दीड चमचा हवाश, टोमॅटो गळून तेल सुटलं की बटाटा, गाजर, सिमला मिरचीचे मोठे तुकडे आणि पाणी, बटाटा शिजला की झालं. खोबरं, दाण्याचं कूट घालायचा मोह होतो पण प्लीज नको, मग ती आपलीच रस्साभाजी होते. भेंडी घालणार असाल तर शेवटी घाला, आधी कोरडी परतून.

सोबत अंजेरो असेल तर बेस्टच, आंबवलेलं, एकाच बाजूने भाजलेलं, जाळीदार, आंबोळीच्या जवळचं. भात केलात तर बाजूला एक केळं ठेवा, सोमाली लोक भाताच्या घासाबरोबर केळं खातात, खरंच करून बघा, मला तर आता केळ्याशिवाय तो भात अपुराच वाटतो.